पाणी कुणी तोडलं

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा दारात आलेल्या प्रत्येकाने एकच शब्द उच्चारला. सुटली. भिंगारमधल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात चपला काढता काढताच लोक तो शब्द काढत. शेजारीण म्हणाली, अण्णांबरोबर काम करणारे म्हणाले, त्रिसरण म्हणायला आलेले वयस्कर गृहस्थही म्हणाले. ऐकू न येणारी, पाय वाकलेली, दहा वर्षांची असून सहाची दिसणारी मुलगी. ती जगण्यातून सुटली, असं त्यांना म्हणायचं होतं. आम्ही तिच्यातून सुटलो, असंही त्यांना म्हणायचं होतं, पण तेवढं त्यांनी आमच्यावर सोडलं.

मला त्या शब्दाचा तेव्हा राग आला होता. तो राग अजून तसाच आहे. फरक एवढाच की तो कुणाकुणावर आहे हे आता मला ठाऊक आहे, आणि त्यांत मीही आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, छावणीच्या पाणीपुरवठ्यावर पंपचालक होते. लष्करातले नव्हेत, नागरी नोकरीतले. दगडी पंपहाऊसमध्ये दोन मोठे पंप, एक चालू आणि एक राखीव, आणि भिंतीला टांगलेली नोंदवही. पंप किती वाजता सुरू केला, किती वाजता बंद केला, दाब किती होता, हे लिहून ते खाली सही करत. सही सुवाच्य, पूर्ण नावाची. "ज्यानं व्हॉल्व्ह फिरवला त्यानं नाव लिहायचं," असं ते म्हणत. "उद्या काही झालं तर माणूस सापडला पाहिजे."

धाकटीला ऐकू येत नाही हे आम्हाला ती दोन वर्षांची असताना कळलं. स्वयंपाकघरात पितळी परात पडली, मी दचकले, आई दचकली, आणि ही आमच्याकडे पाठ करून बाहुलीला निजवत राहिली. त्यानंतर तिने स्वतःची भाषा तयार केली. आम्ही शिकवली नाही, आम्हीच तिच्याकडून शिकलो. तिच्या भाषेत मी म्हणजे उघडलेले दोन तळवे आणि कपाळाला आठ्या. राहात्याची आत्या म्हणजे दातांवरून फिरणारं बोट, कारण आत्या मिश्री लावायची. डॉक्टर म्हणजे खाली घातलेली मान, हवेत भराभर खरडणारा हात आणि लगेच दाराकडे दाखवलेलं बोट. ही नक्कल ती इतकी हुबेहूब करायची की आईला हसू आवरायचं नाही. आणि पाणी म्हणजे अण्णा. दोन्ही हातांनी मोठं चाक फिरवायची खूण. एका बाजूला फिरवलं की पाणी हवं, दुसऱ्या बाजूला फिरवलं की पुरे. चाक कुठल्या बाजूने उघडतं हे तिने पंपहाऊसमध्ये पाहिलं होतं आणि त्यात ती कधी चुकली नाही.

पुरेची खूण ती क्वचितच करायची. तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा चाक फिरवायची. लघवीलाही तेवढ्याच वेळा जावं लागे. अंथरूण रोज ओलं. सकाळी उलटी, पोट साफ नाही, जेवणावर वासना नाही. पाचव्या वर्षानंतर तिचे पाय धनुष्यासारखे वाकायला लागले.

आम्ही नगरच्या बाजारपेठेतल्या एका डॉक्टरकडे जायचो. त्यांनी पाय पाहिले आणि सांगितलं, मुडदूस. ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कॅल्शियमच्या गोळ्या. तीन वर्षं. पाय सरळ झाले नाहीत तेव्हा त्यांनी इंजेक्शनं वाढवली. कानांसाठी त्यांनी दुसरीकडे पाठवलं. तिथल्या डॉक्टरने कान पाहिले आणि पायांकडे पाहिलंही नाही. या दोन गोष्टी एकाच मुलीला का झाल्या असतील, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. तिची लघवी कुणी तपासायला मागितली नाही. एकदा आई धीर करून म्हणाली, "साहेब, ही पाणी लई पिते. दिवसाला कळशीभर."

डॉक्टर खरडत होते. मान वर न करता म्हणाले, "मग देऊ नका. सवय आहे ती. मुलांना लाडावलं की असंच."

बाहेर पुढचा पेशंट उभा होता.

ते वाक्य अण्णांना पटलं, आणि का पटलं हे मला अगदी नीट ठाऊक आहे. घरी आल्यावर त्यांनी आईला समजावलं, "लाइन गळत असली की तू काय करशील? वरून पाणी ओतत राहशील? आधी मागचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मग गळती शोधायची." आयुष्यभर केलेल्या कामातून आलेला हा नियम होता आणि पंपासाठी तो बरोबर होता. त्यांनी माठ फळीवर चढवला. सकाळी एक तांब्या, दुपारी एक, संध्याकाळनंतर नाही. नळाच्या तोटीला त्यांनी कामावरून आणलेली टोपी बसवली, ती पान्याशिवाय निघायची नाही.

ज्या खोलीत तो माठ फळीवर चढला तिच्या भिंतीवर एक चित्र होतं. तळ्याच्या काठाशी उतरलेली माणसं ओंजळीने पाणी पीत आहेत. आमच्यासारख्या अनेक घरांत ते चित्र असतं. माझ्या आजोबांनी ते लावलं होतं. आपल्या ओंजळीत दुसऱ्याने वरून पाणी ओतायचं, ते दिवस त्यांनी पाहिलेले होते. त्या चित्राखाली माझी बहीण उभी राहायची आणि अण्णांच्या समोर दोन्ही हातांनी चाक फिरवायची. उघड. उघड. अण्णा मान फिरवून घ्यायचे. मी अभ्यासाचं पुस्तक वर करायचे. त्या घरातल्या कुणालाही ते चित्र दिसलं नाही, आणि याबद्दल मी आम्हाला कधी माफ करणार नाही.

ती नऊ वर्षांची असताना आईचं ऑपरेशन झालं आणि घर सांभाळायला राहात्याहून आत्या आली. आत्या अण्णांची थोरली बहीण. शाळेत न गेलेली, बाजारात भाजी विकणारी, आवाज असा की धाकटीलाही ऐकू जाईल असं अण्णा म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिने स्टूल घेऊन माठ खाली काढला.

"अक्का, डॉक्टरांनी सांगितलंय," अण्णा म्हणाले.

"डाक्टरला सांग, मी सांगितलंय. तान्हेल्या लेकराला पानी न्हाई म्हनायचं? गुरालासुदीक कुनी म्हनत न्हाई. तू पंपावर बस, जा, फौजेला पानी पाज."

अण्णा कामावर गेले. आत्याने धाकटीला बसवून तांब्याभर पाणी पाजलं आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला. आत्याला स्वतःला करपट ढेकर यायचे, ती रोज सोडा घ्यायची, तिच्या कमरेच्या पिशवीत सोड्याची पुडी असायचीच. "हिच्या तोंडाला आंबूस वास येतुया," ती मला म्हणाली. "आतून आंबलीय पोर. आंबल्याला सोडा." एकदाची चिमूट दोनदा, मग तीनदा झाली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रोज.

आत्या दीड महिना राहिली. त्या दीड महिन्यात धाकटीची सकाळची उलटी थांबली. ती भाकरी मागायला लागली. मागच्या अंगणातल्या तीन पायऱ्या ती बसून उतरायची, त्या भिंतीला धरून उतरायला लागली. गालांवर काहीतरी आलं. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नाही असं मला म्हणता येत नाही. मी त्याचं श्रेय इंजेक्शनांना दिलं.

जाताना आत्याने पुडी माझ्या हातात दिली. "रोज दे. इसरू नगंस. तू पुस्तकात घुसलीस की तुला जग दिसत न्हाई."

मी तेव्हा बारावी सायन्सला होते. आमच्या घराण्यातली तिथवर पोहोचलेली पहिली मुलगी. घरात माझा शब्द चाले. आजोबांनी देव नदीत सोडले होते, अंगारे, गंडे, उतारे बंद केले होते, आणि त्या जागी पुस्तक आलं होतं. आणि घरात पुस्तक वाचणारी मी होते. माझ्या शाळेच्या पुस्तकात एक ओळ होती, ती मी पाठ केलेली होती: स्वयंपाकात सोडा वापरल्याने जीवनसत्त्वांचा नाश होतो. मी आईला ती दाखवली. म्हटलं, "डॉक्टर जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात आणि आपण सोडा देऊन ती मारतोय. आत्याला काय कळतं? उद्या ती लिंबू उतरून टाक म्हणेल, तेही करणार का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या टाक्यांमुळे ती अजून वाकून चालायची. ती म्हणाली, "पण पोर खायला लागलीय गं."

"योगायोग," मी म्हटलं. तो शब्द मला तेव्हा फार आवडायचा.

पुडी मी भज्यांच्या पिठाच्या डब्यात रिकामी केली. काही दिवसांनी माठही पुन्हा फळीवर गेला. कुणी भांडलं नाही. आमच्याकडे चुका अशाच होत, आवाज न करता, समजूतदारपणाने.

पुढच्या उन्हाळ्यात तिला दोन दिवस उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. जागी होती, डोळे उघडे होते, पण पाय हलेनात, मान उचलेना. अण्णांनी तिला उचलून रिक्षात घातलं. नगरच्या डॉक्टरने सलाईन लावलं आणि दुपारी पुण्याला न्यायला सांगितलं. जो कागद दिला त्यावर काय लिहिलं होतं ते पुण्यातल्यांनाही वाचता आलं नाही.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याहून फार मोठी नसेल. तिने रक्त घेतलं, लघवी घेतली, आणि कागद आल्यावर आमच्यासमोर स्टूल ओढून बसली. आमच्यासमोर बसलेली ती पहिली डॉक्टर. तिने आईला तीन प्रश्न विचारले. पाणी फार पिते का? ऐकू येत नाही, ते लहानपणापासून? आणि तुम्ही दोघं नात्यातले आहात का?

आई म्हणाली, "मी यांच्या मामाची मुलगी." मग जरा थांबून, अभिमानानेच, "आमच्यात चालतं."

डॉक्टरीण म्हणाली की रक्तात आम्ल साठलं आहे, मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, आणि त्यापायी हाडं झिजतात. मूत्रपिंडात चुना धरला आहे. त्यात कॅल्शियमच्या एवढ्या मात्रा कुणी दिल्या, असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. रक्तातलं पोटॅशियम जवळजवळ संपलंय, म्हणून अंग हलत नाही. मी विचारलं, "याला औषध काय असतं?"

"पोटॅशियमचं एक औषध," ती म्हणाली. "भरपूर पाणी. आणि सोडा. साधा खायचा सोडासुद्धा चालतो. रोज, जन्मभर." मग तिने माझा चेहरा पाहिला असावा. "दिला होता का कधी?"

मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास धाकटी गेली. त्याआधी थोडा वेळ तिची बोटं हलत होती. अण्णा जवळ बसले होते. ती बोटं कुठल्या बाजूला फिरत होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मी नंतर ग्रंथालयाचं शिक्षण घेतलं आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला लागले. नव्वदचं दशक संपता संपता, एका इंग्रजी विज्ञान मासिकाची पानं मोजून नोंदवताना, मला एक लहानसा मजकूर दिसला. मूत्रपिंडाच्या काही पेशींमध्ये एक अतिसूक्ष्म पंप असतो. तो आम्लाचे कण पेशीतून बाहेर, लघवीत फेकतो. तो अनेक भागांचा जुळून बनतो, आणि त्यातला एक भाग कसा बनवायचा याची कृती ज्या जनुकात असते ते जनुक बिघडलं की पंप चालत नाही. तोच भाग कानाच्या आतल्या पंपातही लागतो. म्हणून अशा मुलांना ऐकूही येत नाही. बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते, म्हणून नात्यात लग्न होणाऱ्या घरांत हा आजार जास्त दिसतो.

मी तो मजकूर शब्दकोश घेऊन चार वेळा वाचला. कान आणि पाय. एकच पंप. आम्ही एवढी वर्षं तिचे तुकडे वेगवेगळ्या टेबलांवर नेत होतो.

घरी जाऊन मी अण्णांना सांगितलं. त्यांना जनुक समजावून सांगायला मला शब्द सापडेना, पण पंप म्हटल्यावर ते सरळ बसले. "म्हणजे गळती नव्हतीच," ते म्हणाले. "मोटरच फिरत नव्हती. पाणी तिला वरून पाहिजेच होतं." सोड्याचं मी त्या दिवशीही सांगितलं नाही.

ते सांगावं लागलं महिन्याभराने, आत्या आली तेव्हा.

मी जन्मले तेव्हाच आत्याने माझ्या हातात काळ्या मण्यांच्या बांगड्या घालून मला मागून ठेवलं होतं. भावाची मुलगी सून करायची, हा तिचा हक्क. अण्णांनी मामाची मुलगी केली होती, तसंच. मी शिक्षणाच्या नावाखाली वर्षं ढकलली होती. तिचा मुलगा सरळ माणूस होता, टेम्पो चालवायचा, माझी चेष्टा न करणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक. त्याच्याविरुद्ध मला काहीही म्हणायचं नव्हतं. पण ज्या प्रती अण्णांत आणि आईत होत्या त्या आत्यात असू शकत होत्या, तिच्या मुलात असू शकत होत्या, माझ्यात असू शकत होत्या; आणि आमच्यासाठी तपासायची सोय कुठे नव्हती.

आत्या चहा घेऊन म्हणाली, "आता बास झालं शिकनं. येत्या उन्हाळ्यात उरकू."

मी मासिकातल्या त्या पानाची झेरॉक्स पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. पंप, कान, पाय, नात्यातली लग्नं. आत्याने ऐकून घेतलं. कागदाला हात लावला नाही.

"पुस्तकात हाय म्हनून माझं पोरगं नगं?"

"तो नको असं नाही, आत्या. आमची मुलं..."

"मंग तिला औषध काय हुतं? त्ये बी लिवलं आसंल की पुस्तकात."

मी झेरॉक्सची घडी घालायला लागले.

"सांग की. तोंड हाय ना तुला?"

"सोडा," मी म्हटलं. "तू देत होतीस तोच. मी बंद केला. तू गेलीस आणि मी डब्यात ओतून टाकला. पुस्तकात वाचलं होतं म्हणून."

आईने पदर तोंडाला लावला. तिला हे माहीत होतं. एवढी वर्षं ती माझ्यासाठी गप्प होती. अण्णांना माहीत नव्हतं. आत्या माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं ती मारेल, आणि तिने मारावं असं मला फार वाटत होतं.

"तवा बी पुस्तकच हुतं," ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. त्या बाईचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "आता बी पुस्तकच. कंचं खरं धरू मी?"

मी एवढंच म्हटलं की या वेळी मी पाठ केलेलं नाही, समजून घेतलंय.

ती उठली, व्हरांड्यात जाऊन मिश्री थुंकून आली आणि पुन्हा बसली. "त्यो पंप माझ्यात बी बिघडल्याला आसंल?"

"अर्धा. असू शकतो. तुला त्याचा त्रास नाही. पण पुढे जाऊ शकतो."

"मंग माझ्या दोन पोरींच्या घरात बी." तिच्या दोन्ही मुली नात्यातच दिल्या होत्या. तिने रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "सोयरीक मोडली. आता कागद घे. डाक्टरला दाखवाया लिवून दे. माझ्या पोरींच्या घरी कुनी पोर आसं झालं तर मी काय सांगू? माझं कोन ऐकतंय? तू तरी ऐकलंस का?"

मी कागद घेतला. सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं. मूल पाणी फार पीत असेल, वाढत नसेल, ऐकू येत नसेल, तर रक्तातलं आम्ल आणि लघवी तपासून घ्या. पाणी कधीही तोडू नका. घराण्यात असं एक मूल गेलं आहे. त्याखाली आजाराचं इंग्रजी नाव. आत्याने मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"गेलं आहे नगं," ती म्हणाली. "आपसूक गेलं का त्ये?"

अण्णांनी हात पुढे केला. मला वाटलं त्यांना कागद वाचायचा आहे. त्यांनी पेन मागितलं. कागदाच्या तळाला, नोंदवहीत लिहीत तशा अक्षरांत, त्यांनी लिहिलं: पाणी मी तोडलं. आणि खाली पूर्ण नावाची सही केली.

मी पेन घेतलं. सोडा मी बंद केला, असं लिहिलं आणि सही केली.

आणखी एका सहीला जागा होती. मी कपाटातून धाकटीची फाइल काढली, तीन वर्षांच्या चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. इंजेक्शन लिहिलेलं होतं, मात्रा लिहिलेली होती. प्रत्येकीच्या खाली सही म्हणून एक वाकडी रेघ होती. आम्ही चौघांनी त्या रेघा उजेडात धरून पाहिल्या. एकीतूनही माणसाचं नाव वाचता आलं नाही.